व्हर्च्युअल मशीनला वायफाय दिसेना, मग असं जमलं
भुसावळला मे महिन्यात कूलरसमोर बसून लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्स टाकलं, पण आत वायफायचं नावच दिसेना. दोन दिवस ड्रायव्हर शोधले आणि ते शोधायचेच नव्हते, कारण व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचं वायफाय कार्ड दिसतच नाही, त्याला एक आभासी वायरवालं कार्ड मिळतं, म्हणून वर कोपऱ्यात वायर्डचं चिन्ह येतं, आणि तेच बरोबर आहे. माझं नेट बंद होतं कारण मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ब्रिज्ड (मशीनला घरच्या नेटवर्कवर थेट आणणारा प्रकार) निवडलेलं आणि खाली कार्ड लॅनचं, ज्यात वायर लावलेलीच नव्हती! त्याऐवजी नॅट (मशीनला लॅपटॉपचंच नेट वापरू देणारा प्रकार) केलं, मशीन परत चालू केलं, १०.०.२.१५ आयपी आला आणि पिंगच्या (जोडणी तपासायच्या कमांडच्या) ओळी भराभर पडायला लागल्या, इतकं बरं वाटलं.

घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मशीनमध्ये शिरायचं असेल तर ब्रिज्ड ठेवून कार्ड वायफायचं निवडा, पण वायफायवर ते सगळीकडे चालतंच असं नाही. मग मी नॅटमध्येच पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे लॅपटॉपच्या २२२२ नंबरच्या पोर्टवर आलेलं मशीनच्या २२ नंबरच्या पोर्टकडे पाठवलं, आत एसएसएच (दुरून लॉगिन करायचा) सर्व्हर टाकला, विंडोजच्या फायरवॉलला परवानगी दिली, आणि भाचा माडीवरून ओरडला, "मामा, लागलं ना!"

मशीनमध्ये खरंखुरं वायफायच पाहिजे असेल तर यूएसबी वायफाय डोंगल घेऊन तो मशीनला जोडून द्या.