हँडब्रेक खाली, तरी दिवा पेटलेलाच? या चुका टाळा

हँडब्रेक पूर्ण खाली आहे, गाडी मोकळी पळतेय, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा काही विझत नाही. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या बहुतेकांची या दिव्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. आणि बहुतेक जण हात घालतात तो लिव्हरखालच्या स्विचला. मीही तेच केलं. गियर नॉब काढली, दोन सीटमधल्या कन्सोलचे लपलेले स्क्रू शोधले, नवा स्विच बसवला, सगळं पुन्हा जोडलं आणि चावी फिरवली. दिवा जसाच्या तसा! बिघाड बोनेटखाली होता आणि तो शोधायला एकही पाना लागला नसता.

त्याला फक्त हँडब्रेकचा दिवा समजू नका

बऱ्याच जुन्या गाड्यांत हा एकच दिवा दोन-तीन जणांची चाकरी करतो. एक वायर लिव्हरच्या स्विचकडे जाते, दुसरी ब्रेक ऑइलच्या डबीतल्या फ्लोटकडे, म्हणजे ऑइलवर तरंगणाऱ्या आणि पातळी उतरली की दिवा लावणाऱ्या तुकड्याकडे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या काही गाड्यांत तिसराही एक स्विच सापडतो. पुढच्या-मागच्या ब्रेक सर्किटच्या दाबात फरक पडला की आतला दट्ट्या एका बाजूला सरकतो आणि दिवा लावतो. यांपैकी कोणाचीही वायर अर्थ झाली, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली गेली, की दिवा पेटणार. म्हणून पहिलं काम कन्सोल उघडायचं नाही, बोनेट उघडायचं. गाडी सपाट जागी उभी करा आणि डबीवरच्या मॅक्स-मिन रेषा बघा. ऑइल खाली गेलं असेल किंवा पेडल नरम लागत असेल, तर कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

ऑइल कमी दिसलं म्हणून लगेच ओतू नका

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ओतल्यावर दिवा विझतो आणि माणूस निर्धास्त होतो. ब्रेकची सिस्टिम बंद असते, इंजिन ऑइलसारखं ते 'खाल्लं' जात नाही. पातळी उतरली याचा अर्थ एकतर कुठेतरी गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि मागे पडलेली जागा डबीतलं ऑइल भरून काढतं. म्हणजे तो दिवा तुम्हाला पॅड बघायला सांगत होता आणि तुम्ही वरून ओतून त्याचं तोंड बंद केलंत. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की हेच जास्तीचं ऑइल डबीतून उतू जातं. डॉट 3 किंवा डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग फुगून निघतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा. ओतायचंच असेल तर सीलबंद बाटलीतलं घ्या, कारण उघडी राहिलेली बाटली हवेतला ओलावा शोषते. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही. डॉट 5.1 हे नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं नाही. हा नावांचा घोळ कोणी घातला देव जाणे!

ऑइल पुरेसं आहे, मग फ्लोट ठीकच असणार?

माझ्या गाडीत घोडं इथेच अडलं होतं. ऑइल मॅक्सच्या रेषेला टेकलेलं, तरी दिवा चालू. शेवटी वैतागून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डबीला हलकेच दोन टिचक्या मारल्या, तर दिवा विझला आणि थोड्या वेळाने परत लागला. झाकण काढून पाहिलं तर फ्लोट वर तरंगायचा सोडून तळाकडे तिरका लटकलेला. कानाशी हलवला तेव्हा आत डुचुक-डुचुक वाजलं. इतक्या वर्षांत आत ऑइल झिरपून तो जड झाला होता. फ्लोटसकट नवं झाकण बसवलं आणि विषय संपला. दिवा फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर लुकलुकत असेल, तर पातळी काठावर आहे असं समजा. ऑइल हिंदकळतं आणि फ्लोट क्षणभर खाली बसतो.

अंदाजाने पार्ट बदलू नका

चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर आणा. हँडब्रेक खाली असताना डबीवरचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर दोष तिथेच. नाही विझला तर लिव्हरच्या स्विचची वायर उपसा. तरीही पेटलेलाच असेल तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय, किंवा तो दाबाचा स्विच अडकलाय. ब्रेक ब्लीड केल्यानंतर (नळ्यांतली हवा काढल्यावर) दिवा सुरू झाला असेल तर या दट्ट्याचाच संशय घ्या, तो काही वेळा आपणहून मध्यावर येत नाही.

दिवा मंद असेल आणि इंजिन चालू असतानाच दिसत असेल, विशेषतः बॅटरीच्या दिव्याच्या सोबतीने, तर ब्रेकचा नाद सोडा आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासा. काही जुन्या जपानी गाड्यांत हा दिवा चार्जिंगच्या सर्किटलाही जोडलेला असतो.

स्विच वाकवण्याआधी लिव्हर बघा

दोष लिव्हरपाशी निघाला तरी स्विच बाद असेलच असं नाही. यात फार काही नसतं. लिव्हर खाली आली की ती एक छोटा दट्ट्या दाबते आणि सर्किट तुटतं. कधी पट्टीचा स्क्रू ढिला होतो, कधी सांडलेल्या कोल्ड्रिंकने दट्ट्या चिकटतो, कधी लिव्हरच्या खोबणीत नाणं अडकलेलं असतं. लिव्हर खाली येताना थोडी वरच राहत असेल तर केबल जास्त ताणली गेलीय का ते पाहा. तसं असेल तर मागचे ब्रेकही घासत असणार. थोडं फिरून आल्यावर मागच्या रिमजवळ हात नेऊन बघा, चाक जास्त तापलं असेल तर कळेल. अशा वेळी स्विचची पट्टी वाकवून दिवा विझवणं म्हणजे दुखणं झाकणं. बल्ब काढणारे किंवा वायर तोडून टेप गुंडाळणारेही भेटतात. त्यांच्या गाडीत ऑइल गळायला लागलं तर आधी पेडलच सांगणार.

जॅग्वार एक्सजे-एस या जुन्या गाडीची गंमत वेगळी. तिची लिव्हर सीट आणि दरवाजाच्या मध्ये असते आणि ब्रेक लावल्यावरही खाली पडून राहते. लिव्हर खाली दिसते म्हणून ब्रेक सुटलाय असं धरून चालू नका. आधी ताण लागेपर्यंत वर ओढा, बटण दाबा आणि मग खाली न्या.

कन्सोल बंद करण्याआधी चावी ऑन करून लिव्हर एक-एक खटका उचला. पहिल्या-दुसऱ्या खटक्याला दिवा लागला पाहिजे आणि खाली टेकताच विझला पाहिजे. हे दहा-बारा वेळा करा. ते स्क्रू पुन्हा शोधत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.