कामांच्या यादीत प्राधान्य कसं लावावं

काम नोंदवतानाच त्याला प्राधान्य देऊ नका. त्या क्षणी प्रत्येकच काम निकडीचं वाटतं आणि आठवडाभरात निम्मी यादी लाल, म्हणजे सर्वोच्च प्राधान्याची होते. आधी नुसतं टिपून ठेवा. प्राधान्य दिवसातून एकदा, सगळी यादी समोर घेऊन लावा.

तेव्हाही तारीख आणि प्राधान्य यांची गल्लत नको. कधीपर्यंत करायचं, हे सांगायला तारीख आहे. प्राधान्याने एवढंच सांगायचं की वेळ कमी पडला तर आधी कोणतं. शुक्रवारी भरायचं बिल सोमवारीच लाल केलं, तर चार दिवस ते डोळ्यांसमोर नाचतं आणि लाल रंगाकडे काणाडोळा करायची सवय लागते. त्याला तारीख पुरे.

सगळ्यात वरच्या पातळीवर दिवसाला तीनच कामं ठेवा. चौथं आलं, तर आधीच्या एकाला खाली उतरवा. आठवडाभर वरच अडून बसलेलं काम बहुधा एक काम नसतंच. त्यातली पहिली पायरी वेगळी काढा. मधल्या दोन पातळ्यांच्या कामांशी तुम्ही सारखंच वागत असाल, तर एक बंद करा.

खरी गंमत कोऱ्या कामांची. टुडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये प्राधान्य न लावलेलं काम पी४, म्हणजे तळाशी. ऑर्ग-मोड (इमॅक्स या संपादकातली यादीची सोय) अशा कामाला 'ए', 'बी', 'सी'पैकी 'बी' धरतं. त्यामुळे 'सी' लावलेलं काम कोऱ्याच्याही खाली जातं. टास्कवॉरियर हा प्रोग्राम गुण देऊन कामांचा क्रम लावतो. तिथे नेमकं उलट: 'एल' म्हणजे कमी प्राधान्य, तरी त्याचे १.८ गुण मिळतात, कोऱ्याला शून्य. 'एच'चे, म्हणजे सर्वोच्च प्राधान्याचे, ६ गुण, पण मुदत उलटून आठवडा झालेल्या कामाला तारखेचेच १२. म्हणून 'एच' लावूनही काम वर येत नाही, तेव्हा दोष प्राधान्यात न शोधता तारखा बघा. बऱ्याचदा त्या उगाच, मनाला धाक म्हणून घातलेल्या असतात.

एका ॲपमधून दुसऱ्यात यादी नेताना आकडे उलटू शकतात. आयकॅलेंडर, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला साचा, त्याच्या नियमांत १ सर्वोच्च, ९ सर्वांत कमी आणि ० म्हणजे प्राधान्यच नाही. टुडूइस्टच्या एपीआयमध्ये (दुसरे प्रोग्राम जिथून माहिती घेतात तिथे) मात्र पडद्यावरचा पी१ हा ४ म्हणून येतो. स्क्रिप्ट लिहिताना हे हमखास चुकतं, आणि चूक दिसतही नाही, कारण यादी व्यवस्थित लागलेलीच असते, फक्त उलटी. प्रत्येक पातळीचं एक आणि एक कोरं काम आधी पाठवा, पलीकडे क्रम तपासा, मगच बाकीची यादी हलवा.