ट्रकवर नवीन येताय? आपले तास आपल्या हातात किती असतात ते आधी ऐका

या लाइनमध्ये नवीन येणारी पोरं मला पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा हा, की दादा ड्युटीचे तास आपल्याला ठरवता येतात का. पगाराचं एका वाक्यात सांगता येतं, दुसऱ्याला वेळ लागतो म्हणून इथं सविस्तर लिहितोय. मी 14 वर्षं गाडी चालवतोय, त्यातली 6 लांब पल्ल्याची, मग 3 वर्षं बंदरावरचे कंटेनर, आणि आता 5 वर्षं फिक्स रूट, रोज तीच दोन गोदामं. गाडी तिन्हीकडे जवळपास सारखीच पण आयुष्य पार वेगळं.

मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं ते हे, की दिवसातला सगळ्यात बेभरवशाचा भाग म्हणजे गोदामाचं गेट. चालवायला 8 तास लागतील हे नकाशा बघून कुणीही सांगेल, पण लोडिंगला नंबर कधी लागणार, कागद कधी हातात पडणार, माल उतरवायला माणसं जागेवर आहेत का, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका ठिकाणी सकाळी 7 ला गाडी लावली, लोडिंग संपलं रात्री 9 ला, आणि फोन आला की माल सकाळी पोचलाच पाहिजे. दिवसभर बसूनच होतास ना, मग आराम झालाच की, असं सगळ्यांचं म्हणणं. अहो पण रांगेत दर 20 मिनिटांनी गाडी पुढे घ्यायची असते तेव्हा झोप कशी लागणार? निघालो तसाच. पहाटे 4 च्या सुमारास कडेच्या खडबडीत पट्ट्यावर चाक गेलं आणि दचकून जागा झालो, आणि जागा झालो म्हणजे मी झोपलो होतो हे तेव्हा कळलं. ताशी 80 ने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, 4 सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास 90 मीटर भरलेली गाडी कुणीच चालवत नव्हतं. पुढे जागा बघून गाडी लावली आणि 2 तास झोपलो. माल उशिरा पोचला, बोलणी खाल्ली, पण नोकरी गेली नाही. एवढं मला आधी माहीत असतं तर रात्री 9 लाच झोपलो असतो.

कायद्याचं बोलायचं तर कागदावर मर्यादा बहुतेक ठिकाणी आहेत. युरोपियन युनियनमध्ये सलग साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10 तास. अमेरिकेत ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास ड्रायव्हिंग, आणि त्याआधी सलग 10 तास सुट्टी झालेली पाहिजे. भारतात 2025 पर्यंत 1961 चा मोटर वाहतूक कामगारांचा कायदा होता, त्यात साधारणपणे दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास धरले होते, आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय. हे आकडे वाचून बरं वाटतं, पण अमेरिकेतली ती 14 तासांची मुदत रांगेत उभं असतानाही साधारण चालूच राहते, म्हणजे गेटवर 5 तास गेले की ते तुमच्याच दिवसातून गेले. आणि जिथं तास मोजणारं मशीन गाडीत नाही तिथं नियम कितपत पाळला जाईल हे मालक आणि ड्रायव्हरवरच राहतं, हे मनात ठेवूनच नोकरी बघा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसे कशावर मिळतात. ट्रिपवर किंवा किलोमीटरवर पगार असेल तर गाडी उभी असली की तुमचं मीटर बंद, आणि तुम्हाला थांबवून ठेवण्यात समोरच्याचं काही जात नाही म्हणून कुणाला घाईही नसते. मग तो गेलेला वेळ भरून काढायला माणूस झोपेतून तास कापतो. मी स्वतः कित्येक वर्षं कापले, कुणी जबरदस्ती केली नव्हती, हिशोबच तसा होता. युरोपच्या नियमात तर स्पष्टच आहे की रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा पद्धतीने अंतरावर पैसे द्यायचे नाहीत, म्हणजे हा ताण त्यांनाही दिसला असणारच.

म्हणून माझं प्रामाणिक मत असं की तासांवरचा खरा ताबा गाडीत बसायच्या आधीच मिळतो, कामाचा प्रकार निवडताना. लांब पल्ल्यात कधी थांबायचं, कधी निघायचं याचं थोडं स्वातंत्र्य असतं पण घरी कधी जाणार ते सांगता येत नाही. फिक्स रूटला स्वातंत्र्य शून्य, पण मला माझी सुट्टी महिनाभर आधी माहीत असते आणि मुलीच्या शाळेत जाता येतं, त्यासाठी मी कमी पैसे घेतले आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. स्वतःची गाडी घेतली की आपण राजे असं बऱ्याच जणांना वाटतं, तर हप्ता चालू असेपर्यंत वेळ हप्ताच ठरवतो, माझ्या जवळच्या मित्राने पहिली दोन वर्षं एकही लोड नाकारला नाही.

एकदा काम धरलं की जे हातात उरतं ते थोडं आहे पण ते सोडू नका. गेटला पोचल्याची वेळ लिहून ठेवा, मेसेज टाका, फोटो काढा, नंतर वेटिंगचे पैसे मागताना तेवढंच कामाला येतं. उशीर होणार हे दुपारी 3 ला कळलं तर दुपारी 3 लाच कळवा, आत्ता लोड झालं नाही तर मी पहाटे पोचू शकत नाही असं सरळ. रात्री 9 ला तेच बोललात तर कामचुकार ठरता, दुपारी बोललात तर समोरच्याला दुसरी सोय करायला वेळ मिळतो, माझा तरी हाच अनुभव आहे. झोप पहाटे 2 ते 6 मध्ये आणि दुपारी जेवणानंतर जास्त ओढते, तेव्हा जमेल तिथं ट्रिप अशी लावा की तो वेळ उभ्या गाडीत जाईल. नाहीच जमलं तर 20 मिनिटं झोपून घ्या, गाणी लावून आणि काच खाली करून झोप जात नाही, मी सगळं करून बघितलंय. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायल्यासारखी मंद होते हे प्रयोगातून दिसलेलं आहे, आणि आपल्याला आतून मात्र ठीकच वाटत असतं, तीच भीती आहे.

आणि जॉइन व्हायच्या आधी ऑफिसमध्ये विचारून झालं की बाहेर पार्किंगमध्ये या, तिथल्या दोन-तीन ड्रायव्हरांशी बोला. महिन्याला किती सुट्ट्या मिळतात असं नका विचारू, त्याचं उत्तर सगळे तोंडपाठ देतात. मागच्या आठवड्यात किती रात्री पूर्ण झोपलात, वेटिंगचे पैसे शेवटचे कधी हातात पडले, आणि झोप येतेय म्हणून गाडी थांबवली तर ऑफिसमधून काय ऐकून घ्यावं लागतं, एवढं विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही बघा.