दाढ ठणकली तर गावाकडे पळू नका : नाशकात नव्याने आलेल्या खान्देशी मंडळींसाठी

मी 2005 साली शिरपूर तालुक्यातून नाशकात आलो, सातपूरला ऑपरेटर म्हणून लागलो आणि उत्तमनगरला खोली घेतली. खोली, मेस, गॅस, भाड्याचा करार हे सगळं तुम्हाला कुणीतरी सांगेलच, सिडकोत आपल्याकडची माणसं गल्लोगल्ली आहेत. दाताचं मात्र कुणी सांगत नाही. दरवर्षी दोन-तीन पोरं रात्री दोन वाजता गालाला हात लावून माझ्या दारात उभी राहतात, आणि मी जे केलं तेच करून आलेली असतात. म्हणून हे लिहितोय.

आपल्या माणसाची खोड आधी सांगतो. दुखणं अंगावर काढायचं, आणि अगदीच सहन होईना की "आपला गावना डाक्टर बरा" म्हणून धुळ्याची एसटी पकडायची. इथल्या दवाखान्यात लुटतात, अशी समजूत. मीही तेच केलं होतं.

2011 ची गोष्ट. उजवीकडची खालची शेवटची दाढ किडलेली होती. थंड पाणी लागलं की कळ यायची, नंतर तीही थांबली. मला वाटलं बरी झाली. खरं तर आतली नस मेली होती. मग एका रात्री गाल सुजला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पट्टीतून कापून अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी सूज उतरली. मी खूश, दीडशे रुपयांत काम झालं. आठवड्याने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, गावी निघालो. चांदवडच्या पुढे गाल पुन्हा ताठ झाला. मालेगावला चहा घ्यायला उतरलो तर कप ओठाला लागेना, तोंडच उघडत नव्हतं. घरी आईने खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढला, आणि मी रसाचा चमचा दातांच्या फटीतून ओढत होतो. त्या रात्री थुंकी गिळवेना. धुळ्यात भरती केलं, जबड्याखाली बाहेरून चीर देऊन पू काढला. चार दिवस खाटेवर, 46 हजार बिल, दाढ गेली ती गेलीच. हनुवटीच्या खाली बोटभर जागेत अजून दाढी येत नाही.

गोळीने असं का होतं ते नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. दाढेच्या आतली नस मेली की तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. गोळी बाहेरची सूज उतरवते, आतली घाण तिथेच. मोरी तुंबलीय आणि आपण ओट्यावर फिनाईल टाकतोय. दाढ उघडून साफ तरी करावी लागते, म्हणजे रूट कॅनल, नाहीतर काढावी लागते. तिसरा रस्ता नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर पूर्ण घ्या, पण सूज उतरली म्हणून पुढची तारीख चुकवू नका. हे मी प्रत्येक पोराला दोनदा सांगतो, तरी निम्मे चुकवतात.

आता घाई कधी करायची. साधी परीक्षा आहे : आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. रोज जाणारी तीन बोटं आज एकच जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज, थुंकी गिळायला त्रास, आवाज जड, श्वास लागणं, डोळा मिटेल इतका गाल सुजणं, सोबत ताप यातलं काहीही असेल, तर दाताचा दवाखाना शोधत फिरू नका, थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. सिडको-सातपूरवाल्यांना त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय सोयीचं, सगळे त्याला सिव्हिल म्हणतात. पंचवटीच्या पलीकडे राहत असाल तर आडगावचं मविप्र (मराठा विद्या प्रसारक) संस्थेच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. गाडी नसेल तर 108. रात्री रिक्षावाल्याशी भाव करत बसू नका, मीटरने येईल ही आशा तर सोडूनच द्या. ज्याला शुगर आहे त्याने हे सगळं दुप्पट गंभीर धरायचं.

आणि एक, डावा जबडा दुखतोय, दात सगळे धड आहेत, छातीत दाटल्यासारखं, घाम फुटलाय, तर तो दात नसू शकतो, हृदय असू शकतं. तेव्हाही 108 च.

नुसता ठणका असेल, सूज-ताप नसेल, तर रात्र काढता येते. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा, आडवं झालं की ठणका वाढतो. गालावर बाहेरून रुमालात बर्फ. पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन दाताला जास्त लागू पडते, पण पित्ताचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती नको, गरोदर बाईनेही विचारल्याशिवाय नको. लवंगेचं तेल कापसाला टिपून जेमतेम लावा, बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. गरम शेक सुजेवर नको. काही जण ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरतात, तिनेही हिरडी जळते. आणि मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आपल्या आया-मावशा दाढ दुखली की मिश्री लावतात, थोडं बधिर होतं म्हणून. त्याच सवयीने पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि मग तोंड उघडेनासं झालं तर ते दाढेमुळे नसतं. घरच्या बायकांना नाशकात आणाल तेव्हा हे आधी सुटू द्या.

सकाळी काय करायचं? इथले दाताचे दवाखाने बहुतेक दहाच्या आसपास उघडतात, दुपारी बंद, पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ-साडेनऊ. नाशिककर दुपारची झोप सोडत नाही, डॉक्टर झाला तरी. फोनवर नुसतं "दाढ दुखतेय" म्हणालात तर "परवा संध्याकाळी सातला या" असं उत्तर येतं, आणि त्यात रिसेप्शनवरच्या मुलीची चूक नाही. असं सांगा : "ताई, कालपासून सूज आहे, रात्रभर झोप नाही, मी आत्ता येऊन बसतो, मध्ये जागा मिळाली की घ्या." उघडायच्या वेळी दारात जाऊन बसा. मी आजवर कुणाला परत पाठवलेलं पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी दाढ उघडून दाब मोकळा केला की ठणका बसतो, बाकीचं काम पुढच्या बैठकांत. पैसे आधी विचारा : एक्स-रेचे किती, आजचे किती, पूर्ण रूट कॅनलचे किती, कॅप धरून की वेगळी. विचारण्यात लाज नाही, हप्ते बहुतेक जण करून देतात. कॉलेज रोडला काचेचा दरवाजा आणि एसी आहे म्हणून दाढ जास्त चांगली निघते असं काही नाही. त्रिमूर्ती चौकात रात्री साडेनऊपर्यंत हात चालवणारेही उत्तम आहेत. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस ही दाताच्या डॉक्टरची पदवी आहे का बघा. फूटपाथवर दात बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका, कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही.

पैशाची ओढाताण असेल तर पंचवटीत मुंबई-आग्रा रोडवर महात्मा गांधी विद्यामंदिराचं केबीएच डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारी मुलं काम करतात, वर सर लोक उभे असतात. खर्च कमी, वेळ जास्त. केसपेपर, एक्स-रे, एक विभाग, दुसरा विभाग असं करत अर्धा दिवस जातो. सिटीलिंकच्या शहर बसने निमाणीपर्यंत जा, पुढे रिक्षा. द्वारकेवरून जायचं असेल तर सकाळच्या कोंडीचा वेळ धरून निघा. माझ्या भाच्याची दाढ तिथल्याच एका मुलीने वाचवली, तीन वेळा एक्स-रे काढून, सरांना दाखवून दाखवून.

पगार महिन्याला 21 हजारांच्या आत असेल तर तुमच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. कार्ड काढून ठेवा, घरच्यांची नावं घाला. दोन वर्षं पैसे कापले जातात आणि कार्ड कुठंय ते माहीत नाही, अशी पोरं मी रोज बघतो. मेडिक्लेम घेतलेल्यांनी मात्र खूश होऊ नका, साध्या दाढेला तो सहसा लागत नाही.

आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असते. सुरुवातीला चिडचिड व्हायची, जग रविवारी आराम करतं आणि आपण मशीनवर. पण शनिवारी दवाखाने उघडे असतात, रविवारी बरेच बंद. तुमचीही सुट्टी शनिवारी असेल तर नाशकात आल्यावर पहिल्याच महिन्यात एका शनिवारी घराजवळच्या दवाखान्यात जाऊन दात दाखवून या. तिथे तुमचं नाव कागदावर असलं की रात्रीचा फोनही उचलला जातो.

दात आपटून अख्खा बाहेर आला तर काय, हे वेगळं सांगतो, कारण इथे घड्याळ चालू असतं. दोन वर्षांपूर्वी मैदानावर क्रिकेट खेळताना एका पोराचा पुढचा दात चेंडूने मुळासकट उडाला. खोलीतल्या जोडीदाराने तो नळाखाली ब्रशने घासघासून पांढराशुभ्र केला, रुमालात गुंडाळला आणि संध्याकाळी माझ्याकडे आणला. गेला दात. मुळावरचा जो पातळ थर हाडाला पुन्हा धरतो तोच त्याने घासून टाकला होता. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधाने हलकेच धुवा, घासू नका. जमलं तर त्याच जागी सरळ बसवा आणि रुमाल चावून धरा. नाही जमलं तर कुठल्याही चहाच्या टपरीवर कच्चं थंड दूध मागा, त्यात दात टाका, पाण्यात नको. अर्ध्या तासात डॉक्टरांच्या खुर्चीत बसलात तर दात जगायची आशा चांगली, तासानंतर झपाट्याने कमी. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, मुलाला दाखवायला न्या.

दाढ काढली की कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखं उघडून बघायचं नाही, थुंकायचं नाही, चोवीस तास चूळ भरायची नाही, तंबाखू-बिडी तर नाहीच. खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते ती उडाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ जाते की आधीची दाढ बरी वाटते. तासाभरानंतरही तोंड रक्ताने भरत असेल तर नवा कापूस चावा आणि ज्याने दाढ काढली त्याच्याकडेच परत जा. त्याचा नंबर घरी विसरून बसू नका, केसपेपरच्या कोपऱ्यावर असतो, तिथेच उभं राहून मोबाईलमध्ये घालून घ्या.