अनोळखी कोळी ओळखायचाय? जाळ्याच्या मागे जा

केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या बांधावर गोल जाळ्यात वेगळाच कोळी दिसतो, आपण पाठीचा एक फोटो काढतो आणि जाणकार म्हणतात, "यावरून सांगता येणार नाही." बरोबरच आहे. एकाच जातीत पाठीचा रंग बराच बदलतो. खरी खूण बहुधा पोटाकडे असते.

१. कोळी जाळ्याच्या मधोमध बसलेला असताना वळसा घालून मागे जा. पोटाची बाजू आपोआप समोर येते. मागे काटेरी कुंपण असेल तर फोन पलीकडे धरून सेल्फी कॅमेरा वापरा.
२. पोटाच्या खाली, पायांच्या बाजूला मादीचं जननांग असतं. त्याचा जवळून, स्पष्ट फोटो हवा. पिल्लांत ते तयार झालेलं नसतं, तिथे नेमकी जात न ठरवता कुळावरच (जवळच्या जातींच्या मोठ्या गटावर) थांबावं.
३. मग पाठ, डोळे आणि पूर्ण जाळं. जाळ्यामागे काळी छत्री धरली की काही जाळ्यांत मधोमध असणारी पांढरी नागमोडी नक्षीही उठून दिसते.
४. शेजारी पट्टी धरा. तारीख, गाव, पीक लिहा.

काही जाती सकाळी जाळं गुंडाळतात, म्हणून टॉर्च घेऊन रात्रीच गेलेलं बरं. फक्त पायाखाली बघून, बांधावर साप असतात.