सर्व्हर वाढवले आणि सिस्टीम बसली: या चुका टाळा

सकाळी लोड वाढला, ऑटोस्केलिंगने (लोड बघून सर्व्हर आपोआप वाढवणारी सोय) जास्तीचे इन्स्टन्स, म्हणजे अॅपच्या आणखी प्रती, उभे केले आणि त्याच मिनिटाला सगळंच ठप्प झालं. अंधेरीच्या ऑफिसात हे मी स्वतः भोगलंय. अॅपच्या सर्व्हरचा सीपीयू निवांत होता. आम्ही अर्धा तास नेटवर्कवाल्यांना दोष देत बसलो. मग कुणीतरी डेटाबेसचा लॉग उघडला: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. तो मुळात, म्हणजे सेटिंग न बदलता, १०० कनेक्शन घेतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. जावातला हिकारी पूल (डेटाबेसची कनेक्शन आधीच उघडून हाताशी ठेवणारी लायब्ररी) प्रत्येक इन्स्टन्समागे मुळात १० कनेक्शन धरून बसतो. म्हणजे दहाव्या इन्स्टन्सलाच पुरी पडत नाहीत, अकरावा दारातच अडकतो. दादरला फेऱ्या वाढवल्या, पण जिना तोच, असं झालं. इन्स्टन्सची कमाल मर्यादा गुणिले पूल, हा गुणाकार डिझाइनच्याच दिवशी करा. फारच वाढणार असेल तर मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो मोजकीच कनेक्शन अनेकांत वाटून देतो.

यापेक्षा वाईट चूक रीट्रायची, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करण्याची. मोबाइल अॅप, गेटवे (सगळ्या रिक्वेस्ट जिथून आत येतात ते दार) आणि ऑर्डर सर्व्हिस, तिघांनीही 'तीनदा प्रयत्न कर' लिहून ठेवलेलं असतं. पेमेंट सर्व्हिस जरा मंदावली की एका ग्राहकाच्या एका टॅपमागे तिच्यावर २७ पर्यंत कॉल आदळतात. बिचारी नुसती दमली होती, आपण तिला झोपवली. रीट्राय एकाच थरात ठेवा, दोन प्रयत्नांतलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा रँडमपणा घाला. नाहीतर तत्काळ बुकिंग उघडल्यासारखे सगळे क्लायंट पुन्हा एकाच सेकंदाला धडकतात. आणि पैशांच्या कॉलला आयडेम्पोटन्सी की हवीच, म्हणजे तोच कॉल पुन्हा आला तर ओळखू येईल असा क्रमांक. तिच्याविना केलेला रीट्राय म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे कापण्याची सोय.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा, हेही उलटे लावलेले दिसतात. गेटवे ५ सेकंदांत कंटाळून निघून जातो, खाली हिकारी मात्र कनेक्शनसाठी मुळात ३० सेकंद वाट पाहतो. मागणारा गेलाय आणि स्वयंपाक चालूच. जसजसे खाली जाल तसतसा टाइमआउट कमी हवा.

आता मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एका अॅपचे वेगवेगळे चालणारे छोटे तुकडे. सहा जणांच्या टीमला चौदा सर्व्हिसेस कशाला लागतात, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. एका रिक्वेस्टला ९९.९ टक्के चालणाऱ्या १० सर्व्हिसेस ओळीने लागत असतील, तर हाती जेमतेम ९९ टक्के उरतात. महिन्याला ४३ मिनिटांचा खोळंबा ७ तासांवर जातो. एक कॉलम बदलायला चार टीमना एकत्र रिलीज करावं लागत असेल, तर तो मोनोलिथच, म्हणजे एकसंध अॅपच आहे, फक्त मध्ये नेटवर्क घुसलंय. सिस्टीमची रचना तिच्या टीमच्या आपसातल्या संवादासारखी होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा आधी टीम बघा, मग डिझाइनचे चौकोन काढा.

आमचं पुढे काय झालं? पूल १० वरून ६ वर आणला, इन्स्टन्स जास्तीत जास्त १२. एकूण ७२, बाकीची रिपोर्टवाल्यांना. खुशीत कटिंग झाली. संध्याकाळी ब्लू-ग्रीन डिप्लॉय लावला, म्हणजे नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी उभी करून मग ट्रॅफिक तिकडे वळवायचा. जुने १२ आणि नवे १२ काही मिनिटं सोबत चालतात, हे मोजायचं राहिलं होतं. १४४.