विकिपीडियासाठी व्हिडिओ करताय? आधी आवाजाचं बघा

विकिपीडियाची चित्रं-व्हिडिओ जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर खातं काढणं, लायसन्स निवडणं हे तुम्हाला येत असेलच. मोबाइलची नेहमीची एमपी४ फाइल तिथे चढत नाही, वेबएम या खुल्या प्रकारात करून द्यावी लागते. 'नॉन-कमर्शियल', म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, अशी अट असलेलं काहीच चालत नाही. एकदा अंगवळणी पडलं की त्याचा ताप नाही.

खरा ताप पुढे आहे. लेख कुणीही दुरुस्त करतं, व्हिडिओला मात्र कुणी हात लावू शकत नाही. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांवर मी छोटा व्हिडिओ केला होता. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद, खिडक्या बंद, तरी भंगारवाल्याची आरोळी आत शिरलीच. कसाबसा आवाज लागला. मग २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. लेखातली नावं कुणीतरी चहा पिता पिता बदलली असतील. व्हिडिओत मी जुनीच घोकत राहिले. दोन शब्द नव्याने बोलून मध्ये घातले, तर ठिगळ लगेच कानाला टोचतं. अख्खं निवेदन पुन्हा केलं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. परत पंखा बंद!

हे हौशी लोकांचंच दुखणं आहे असं नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखांत ऑस्मोसिस या वैद्यकीय शिक्षणाचे व्हिडिओ करणाऱ्या कंपनीचे चकाचक व्हिडिओ होते. २०१८ मध्ये संपादकांनी विचारलं, यातलं वाक्य चुकलं तर आम्ही दुरुस्त कसं करायचं, आणि संदर्भ कुठे आहेत? व्हिडिओ लेखांतून काढले गेले.

म्हणून निवेदनाचं प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बदलणारी नावं, आकडे, पदावरची माणसं व्हिडिओत बोलूच नका, ते लेखावर सोडा. सबटायटल चित्रावर छापू नका. कॉमन्सवर ती वेगळी देता येतात आणि कुणालाही सुधारता येतात. संदर्भ फाइलच्या वर्णनात लिहा.

एआयचा आवाज लावा, दुरुस्ती सोपी, असं सांगणारे भेटतील. त्याच्याकडून आधी 'बाळाला खेळवलं' वदवून घ्या, मग ठरवा. आणि कोर्स विकणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे संपादक जिथे आपसात बोलतात तिथे, तुमच्या कामाचे वाभाडे काढणारा एखादा जुना संपादक भेटला, तर त्याला धरून ठेवा.

घाबरून जाऊ नका मात्र. पहिला व्हिडिओ बिननिवेदनाचाच करा: चाकावर घडणारं मडकं, भाताची लावणी. त्यात शिळं होण्यासारखं फार काही नसतं, आणि मराठीइतकाच तो तमिळ विकिपीडियालाही चालतो. मोबाइल पुरतो, फक्त आडवा धरा.